आमच्या तलावाची वाळू

पोहण्याच्या तलावाचं पाणी गढूळ दिसू लागलं की सोसायटीत पहिली मागणी येते ती क्लोरीन वाढवण्याची. आमच्याकडे पुण्यात, बाणेरला तेच झालं. मे महिना, शाळांना सुट्ट्या, सकाळपासून पोरांचा दंगा, आणि संध्याकाळ झाली की पाणी दुधाळ. तळाच्या फरशीवरच्या काळ्या रेघा दिसेनाशा व्हायच्या. देखभालीचा ठेका ज्यांच्याकडे होता ते रात्री ब्लीचिंग पावडर टाकून जायचे. सकाळी पाणी जरा बरं दिसायचं, दुपारनंतर पुन्हा तेच. मुलांचे डोळे लाल, अंगाला खाज, नाकात झोंबणारा वास. मी रोज सकाळी पोहते. गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केल्यापासून चालणं कमी झालं, तेव्हा हा तलाव माझ्यासाठी गरजेचा आहे. कमिटीत तलावाची जबाबदारी घ्यायला कुणी पुढे येईना, म्हणून मी घेतली.

पहिलं काम केलं ते तलाव बंद करण्याचं. ऐन सुट्टीत बंद केला म्हणून बरीच नाराजी झाली, पण या बाबतीत माझं मत पक्कं आहे. पाणी घाण दिसतं हा भाग पुढचा. तळ दिसत नसेल तर तळाशी गेलेलं मूलही दिसत नाही. काठावर उभं राहून सर्वांत खोल भागातली मेन ड्रेनची, म्हणजे तळाच्या निचऱ्याच्या तोंडावरची, जाळी स्वच्छ दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर त्या दिवशी कुणीही पाण्यात उतरायचं नाही. हा नियम मी त्याच दिवशी लिहून फाटकावर लावला.

मग पाणी तपासलं. ठेकेदाराकडे ते पिवळ्या रंगाचं साधं किट होतं. त्यात एकूण क्लोरीन कळतं, पण त्यातलं कामाचं किती आणि थकलेलं किती हे वेगळं कळत नाही. मी दोन्ही वेगळं दाखवणारं डीपीडी गोळ्यांचं किट आणलं. मोकळं, म्हणजे कामाचं, क्लोरीन 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग), एकूण 3, आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, 8.1. म्हणजे दोन भाग क्लोरीन घाम, लघवी यांच्याशी जोडलं जाऊन अडकून पडलं होतं. डोळे चुरचुरवणारा, नाकात जाणारा तो वास याच अडकलेल्या क्लोरीनचा असतो. लोक म्हणतात, वास येतोय म्हणजे क्लोरीन जास्त झालंय. खरं तर तो वास आला की समजावं, पाण्यात मळ जास्त झालाय. त्यात पीएच वर गेला की उरलेलं क्लोरीनही मंदावतं. ढोबळमानाने 7.5 पीएचला मोकळ्या क्लोरीनपैकी निम्मं जोमात काम करतं, 8 ला जेमतेम पाव. म्हणून तलावात पीएच 7.2 ते 7.6 च्या आसपास ठेवायचा असतो. आमच्या पाण्यात पावडर कितीही ओतली तरी फरक का पडत नव्हता, याचं निम्मं उत्तर इथे मिळालं. उरलेलं निम्मं पंपरूममध्ये होतं.

पंपरूम तळघरात, पार्किंगच्या कोपऱ्यात. आमचे पंप ऑपरेटर, ज्यांना सगळी सोसायटी मामा म्हणते, त्यांनी दार उघडून दिवा लावला. दोन पंप, एक चालू आणि एक राखीव. त्यांच्या तोंडाशी केस आणि पाला अडवणारी जाळीची टोपली. मधोमध पिवळसर फायबरची गोल टाकी, व्यास 1.2 मीटर. हाच आमचा सँड फिल्टर. टाकीच्या कुशीला मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, त्याच्या हँडलला सहा जागा: फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट, रिसर्क्युलेट आणि बंद. वर प्रेशर गेज.

"मामा, हा काटा कधी हलतो का?"

"ताई, मी कामाला लागलो तेव्हापासून तिथंच आहे."

पंप चालू असो की बंद, काटा एकाच आकड्यावर. म्हणजे फिल्टर तुंबलाय की मोकळा आहे हे आजवर कुणाला कळायचा मार्गच नव्हता. बॅकवॉशचं, म्हणजे वाळू उलट्या प्रवाहाने धुतानाचं, पाणी स्वच्छ झालं की नाही हे बघायची जी काचेची नळी असते, ती आतून इतकी काळवंडली होती की पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी विचारलं, बॅकवॉश कधी मारता. मामा म्हणाले, "सोमवारी आणि शुक्रवारी. दोन मिनिटं. जास्त मारला तर गटाराचं चेंबर भरतं, पाणी पार्किंगमध्ये येतं. गाड्यावाले ओरडतात. म्हणून व्हॉल्व्हपण अर्धाच उघडतो."

या एका वाक्यात आमच्या फिल्टरचा सगळा आजार होता, पण तो कळायला मला पुढचे काही दिवस लागले.

आधी सँड फिल्टर चालतो कसा ते सांगते. तलावातलं पाणी पंप ओढून घेतो आणि टाकीत वरून सोडतो. वाळूच्या थरातून ते खाली झिरपतं, मळ वाळूत अडकतो, तळाशी पसरलेल्या बारीक चिरांच्या नळ्यांमधून, म्हणजे लॅटरलमधून, स्वच्छ पाणी बाहेर पडून तलावात परत जातं. मळ साठत गेला की पाण्याला जायला त्रास होतो आणि गेजवरचा दाब चढतो. स्वच्छ वाळूवर जो दाब असतो त्यापेक्षा साधारण अर्धा बार (बार हे दाब मोजायचं एकक) वाढला की पाण्याची दिशा उलटी करायची. पाणी खालून वर जातं, वाळूचा थर उचलला जाऊन सैल होतो, दाणे एकमेकांवर घासतात आणि सुटलेला मळ गटारात जातो. हाच बॅकवॉश. पण थर उचलला जायला पाण्याला जोर लागतो. वाळूच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ताशी 40 घनमीटरच्या पुढे पाणी गेलं तरच ती नीट हलते. आमच्या टाकीला त्या हिशेबाने ताशी 45 घनमीटर हवेत. एकटा पंप देतो ताशी 25, आणि तोही अर्ध्या बंद व्हॉल्व्हमधून. वाळू हलतच नव्हती. दोन मिनिटं वरवरचा मळ निघत होता, बाकीचा जागीच बसत होता.

गेज बदललं. काही शे रुपयांची वस्तू. नवा काटा मला वाटलं होतं त्याच्या उलट निघाला: दाब फारच कमी. पाणी गढूळ, तरी फिल्टरला तुंबल्याची खूण नाही. हडपसरहून एक अनुभवी काका बोलावले होते, शाळांचे आणि क्लबांचे तलाव सांभाळण्यात ज्यांची उमर गेली. ते काटा बघून लगेच म्हणाले, "पाण्याने वाट पाडलीये. उघडा."

उघडताना त्यांनी जी शिस्त पाळली ती मी पंपरूमच्या दारावर लिहून ठेवली आहे. पंप बंद, आणि नुसतं बटण नाही, मेन स्विच खाली. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद. मग टाकीवरची हवा सोडायची चावी उघडून काटा शून्यावर येईपर्यंत थांबायचं, आणि त्यानंतरच झाकणाच्या नटबोल्टला पाना लावायचा. टाकीत दाब असताना झाकण सैल केलं तर ते उडतं आणि माणसाचा जीव जाऊ शकतो. काकांनी मामांना तीन वेळा हे म्हणायला लावलं.

झाकण निघालं आणि ओल्या कपड्यांच्या ढिगासारखा कुबट भपका आला. टॉर्च मारला. वाळूचा पृष्ठभाग सपाट असायला हवा, आमचा एका बाजूला खचलेला होता. त्यावर राखाडी, चिकट साय. काकांनी कोपरापर्यंत हात घातला आणि बोटांनी ती साय फोडली. खाली वाळू सुटी नव्हतीच. सुपारीपासून लिंबापर्यंतच्या आकाराचे गोळे हाताला लागत होते. एक मी हातात घेऊन फोडला: आत वाळू, लांब केस, आणि बोटांना लागणारं तेल. खोबरेल तेल, सनस्क्रीन, अंगाचा तेलकटपणा, हे सगळं वाळूच्या दाण्यांना दाण्यांशी चिकटवत होतं. आणखी खाली पांढरट, दगडासारखे टणक पट्टे होते. तो चुना. आमच्याकडे तलावात बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं, ते मुळात जड. त्यात ब्लीचिंग पावडरचा चुना रोज रात्री भर घालत होता आणि पीएच वर असल्यामुळे तो वाळूत बसत होता. गोळे आणि पट्टे यांच्या मधून, खचलेल्या बाजूने, पाण्याने सरळ भोक पाडलं होतं. पंप चालत होता, वीज जळत होती, आणि पाणी न गाळलं जाताच तलावात परत जात होतं.

तोवर मला वाटत होतं, रसायन टाकून वाळू धुता येईल. बाजारात वाळू धुवायची औषधं मिळतात आणि तेलकट वाळूवर ती काम करतात. पण चुन्याने बांधली गेलेली वाळू सहजासहजी परत सुटी होत नाही. शिवाय ती सोसायटी बांधल्यापासूनचीच होती. वाळूचं आयुष्य नीट सांभाळली तर साधारण 5 ते 7 वर्षं. त्यानंतर दाण्यांच्या कडा घासून गुळगुळीत होतात आणि मळ धरून ठेवत नाहीत. बदलायची ठरलं.

वाळू काढायला मामा आणि दोन मजूर. फावडं वापरायचं नाही, कारण तळाचे लॅटरल प्लॅस्टिकचे असतात, एक फटका बसला तर चिरतात. डब्याने उपसून घमेल्यात, घमेल्यातून गोणीत. हजार किलोच्या वर वाळू. शेवटचा थर हाताने काढला, तेव्हा दोन लॅटरल आधीच चिरलेले सापडले. तलावात जिथून पाणी परत येतं त्या तोंडांपाशी तळाला वाळूची बारीक रांगोळी दिसायची, ती कुठून यायची हे तेव्हा कळलं. तलावात वाळू येऊ लागली की लॅटरल बघायचे.

नव्या वाळूच्या बाबतीत एक आग्रह धरावा लागला. एकाने सुचवलं की बांधकामाची वाळू चाळून, धुऊन घालू, निम्म्या पैशात होईल. मी ठाम नकार दिला. फिल्टरला लागते ती गारेची, म्हणजे सिलिकाची वाळू, 0.5 ते 1 मिलिमीटरच्या मधल्या एकाच मापाची. बांधकामाच्या वाळूत लहानमोठे दाणे मिसळलेले असतात, बारीक दाणे मोठ्यांच्या फटी बुजवतात आणि पाणी पुन्हा वाट शोधत फिरतं. माती असते ती वेगळीच. आम्ही चाळलेली सिलिका वाळू आणि तळाला घालायचे गोटे आणले. आधी टाकी पाण्याने अर्धी भरली, म्हणजे वरून पडणारे गोटे लॅटरलवर आदळत नाहीत. गोट्यांनी लॅटरल झाकले, हाताने सारखे केले, मग हळूहळू वाळू. टाकी काठोकाठ भरायची नाही. वरचा साधारण तिसरा हिस्सा मोकळा ठेवला, बॅकवॉशला वाळू उसळते तेव्हा तिला जागा लागते. नाहीतर ती पाण्याबरोबर गटारात जाते.

आता मूळ दुखणं, ते छोटं चेंबर. इथे मामांचाच उपाय कामी आला. ते म्हणाले, चेंबरमध्ये सोडूच नका, टाकीत घ्या. दोन्ही पंप मिळून ताशी 45 घनमीटर म्हणजे मिनिटाला साडेसातशे लिटर. चार-पाच मिनिटांच्या बॅकवॉशला तीन ते पावणेचार हजार लिटर. गच्चीवर असते तशी 5,000 लिटरची काळी टाकी पंपरूमबाहेर बसवली, बॅकवॉशची लाइन तिथे वळवली, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. बॅकवॉशच्या वेळी राखीव पंपही जोडीने चालवता यावा एवढा बदल पाइपात केला. टाकीचं झाकण उघडं ठेवून पाणी उन्हात दोन-तीन दिवस राहू दिलं की मळ तळाशी बसतो, क्लोरीन उडून जातं. वरचं पाणी बागेच्या लॉनला आणि पार्किंग धुवायला. उन्हाळ्यात टँकरच्या रांगा लागणाऱ्या भागात राहून आठवड्याला काही हजार लिटर पाणी गटारात सोडणं मला कधीच पटलं नव्हतं. आणि ते वाचवायचं म्हणून बॅकवॉश चुकवणंही परवडणारं नाही. बॅकवॉशबरोबर तलावातलं थोडं जुनं पाणी जातं आणि त्या जागी ताजं येतं. नुसत्या गाळण्याने न निघणारे विरघळलेले क्षार आणि घामाचा अंश असेच कमी होतात.

पहिला बॅकवॉश बराच वेळ चालवला. नव्या वाळूची धूळ नव्या काचेच्या नळीतून आधी चहाच्या रंगाची, मग पांढुरकी, मग अगदी निवळ दिसली. त्यानंतर रिन्स, म्हणजे नळ्यांमध्ये उरलेला गाळ तलावात न जाता बाहेर जातो. मग फिल्टर. काटा 0.7 बारवर थांबला. मामांनी गेजच्या काचेवर तिथे लाल रंगाची रेघ मारली आणि 1.2 वर दुसरी. काटा दुसऱ्या रेघेला पोचला की बॅकवॉश, वार कुठलाही असो. गर्दीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा तर करतोच. पण रोज करत नाही. थोडा मळ बसलेली वाळू अगदी कोऱ्या वाळूपेक्षा चांगली गाळते, कारण अडकलेले कण पुढच्या बारीक कणांना अडवतात. आणि हँडल फिरवायच्या आधी पंप बंदच हवा. चालत्या पंपावर हँडल ओढलं तर आतलं चांदणीच्या आकाराचं रबर जागचं सुटतं आणि बॅकवॉश नसतानाही पाणी गटाराकडे गळत राहतं.

नवी वाळू घातली म्हणून पाणी लगेच निवळलं नाही, आणि इथे विजेच्या बिलाचा प्रश्न आडवा आला. बचत म्हणून पंप रात्री तीन तास चालायचा. आमचा तलाव 18 बाय 7 मीटर, सरासरी खोली 1.2 मीटर, म्हणजे सुमारे दीड लाख लिटर. ताशी 25 हजार लिटरने एक फेरी व्हायला सहा तास लागतात. त्यातही एका फेरीत सगळं पाणी गाळलं जात नाही, कारण गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं. एका फेरीनंतर सुमारे 37 टक्के पाणी एकदाही फिल्टरमधून गेलेलं नसतं, दोन फेऱ्यांनंतर 14 टक्के, चार फेऱ्यांनंतर 2 टक्के. तीन तासांत आम्ही अर्धीच फेरी करत होतो. हे गणित कमिटीच्या मीटिंगमध्ये फळ्यावर मांडलं. आता पोहण्याच्या वेळात पंप सतत चालू असतो, गर्दीच्या दिवसांत रात्रभरही.

जो अगदी बारीक धुरळा वाळूतूनही निसटतो त्याला तुरटी. वाळू एरवी वीसेक मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण फारसे धरत नाही. तुरटीने ते एकत्र येऊन मोठे होतात. विरघळवून रात्री टाकायची, पंप बंद, सकाळी तळाला बसलेला गाळ सक्शनने ओढायचा आणि हँडल ‘वेस्ट’वर ठेवून थेट बाहेर काढायचा. तोच गाळ फिल्टरमधून नेला की नवी वाळूही चिकटते. ब्लीचिंग पावडर बंद केली, द्रवरूप हायपोक्लोराइट डोसिंग पंपाने थेंबथेंब जातं. त्यानेही पीएच चढतो, म्हणून ॲसिड लागतं. दोन्हींचे कॅन वेगवेगळ्या खोल्यांत आहेत. ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकत्र आले तर क्लोरीनचा विषारी वायू होतो, आणि तळघरात तो कोंडून राहतो.

फिल्टरचं ओझं कमी करायचं तर सुरुवात माणसांपासून करावी लागते. तलावाशेजारी शॉवर होता, तो कुणी वापरत नव्हतं. आता साबण लावून अंघोळ आणि डोक्याला टोपी याशिवाय प्रवेश नाही. सकाळी पाण्यातल्या व्यायामाला येणाऱ्या आजी डोक्याला भरपूर तेल लावून यायच्या. त्यांना मी वाळूतला तो गोळा दाखवला, डबीत जपून ठेवला होता. त्यांनी हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हे आमच्या डोक्यातलं? मग पोहून झाल्यावर लावते की." त्यानंतर त्याच इतर बायकांना सांगतात.

एका नियमावर मात्र मी कुणाशीही तडजोड करत नाही. मुलाला जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरायचं नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक सूक्ष्मजीव आहे, चार ते सहा मायक्रॉनचा, जो नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनमध्ये आठवडाभराहून अधिक जगतो. 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात पिण्याच्या पाण्याच्या एका केंद्रात पाणी नीट गाळलं जाईना आणि याच जीवामुळे अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन होतं. तिथलं पाणी पिण्याचं होतं, आमचं पोहण्याचं, पण मुलं पोहताना पाणी गिळतातच.

आता दिवसातून दोनदा मोकळं क्लोरीन, एकूण क्लोरीन आणि पीएच, आणि दर पाळीला गेजचा आकडा, मामा वहीत लिहितात. जाळीची टोपली रोज सकाळी साफ होते. येत्या थंडीत, पोहणारे कमी असतात तेव्हा, झाकण पुन्हा उघडून वाळूत हात घालून बघायचं आहे. कमिटीकडे माझी एक मागणी अजून पडून आहे: परतीच्या पाइपावर फ्लो मीटर बसवा. गेज दाब सांगतं, पाणी किती गेलं ते सांगत नाही, आणि मागच्या वेळी कमी दाबानेच सगळ्यांना निर्धास्त ठेवलं होतं. पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत तो विषय घेतला आहे. कोटेशनं आली आहेत.